काळा रंग आणि माझा आगाऊ प्रश्न

मुलांसाठी आर्ट थेरपी, म्हणजे चित्रकलेतून मनाचे उपचार, शिकायला येणाऱ्या बहुतेकांना चित्रं आवडतात, मुलं आवडतात आणि थिअरीचा पेपर म्हटलं की पोटात गोळा येतो. माझंही तसंच होतं. फ्रॉइड, क्लाइन, विनिकॉट, रॉजर्स, बोल्बी हे मनाचे सिद्धान्त मांडणारे सगळे एकाच सेमिस्टरमध्ये अंगावर आले. मी प्रत्येकाचा तक्ता करून पाठ केला. मनातून मात्र वाटायचं, हे सगळं चित्राचा अर्थ लावायलाच शिकवत असणार. या समजुतीनं मला चांगलंच तोंडघशी पाडलं.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. सात वर्षांचा मुलगा. त्यानं तेलखडूनं पिवळं घर काढलं. मग ब्रश काळ्या पोस्टर कलरमध्ये बुडवून घर झाकायला घेतलं. तेलखडूवर पाण्याचा रंग धरत नाही, म्हणून तो थरावर थर देत राहिला. कागद फुगला, त्याचे बोळे निघायला लागले. मी आदल्या रात्रीच क्लाइन वाचून आले होते. विचारलं, "या घरात कोणाला भीती वाटतेय का?"

त्यानं ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि विचारलं, "किती वाजले?"

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या सेशनची चर्चा करताना, मॅडम एवढंच म्हणाल्या, "प्रश्न ठीक होता. पण तो कोणाला हवा होता?"

त्या दिवशी मी तक्ते बाजूला ठेवले आणि तेच सिद्धान्त पुन्हा वाचले, पण एकच प्रश्न धरून: हा माणूस मला केव्हा बोलायला आणि केव्हा गप्प बसायला सांगतोय? मग क्लाइन आणि ॲना फ्रॉइड (फ्रॉइडची मुलगी) यांचा वाद एकदम जिवंत झाला. क्लाइन मुलाच्या खेळाकडे मोठ्यांच्या मुक्त साहचर्यासारखं (मनात येईल ते न गाळता बोलणं) पाहायची आणि दिसलेला अर्थ लवकर, थेट मांडायची. ॲना फ्रॉइडचं म्हणणं असं की आधी मुलाशी नातं जुळू दे. त्याचे आईवडील अजून त्याच्या रोजच्या आयुष्यात आहेत, त्यामुळे मोठ्यांमधला ट्रान्सफरन्स, म्हणजे आईवडिलांविषयीच्या जुन्या भावना थेरपिस्टवर वळणं, इथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परीक्षेत हा 'फरक स्पष्ट करा'चा पाच मार्कांचा प्रश्न असतो. खोलीत तो तुमच्या जिभेचा प्रश्न असतो.

रॉजर्स वाचायला सगळ्यात सोपा आणि पाळायला सगळ्यात अवघड. तो सांगतो तो बिनशर्त स्वीकार म्हणजे कौतुक नव्हे, हे मला उशिरा कळलं. "वा, किती छान!" म्हटलं की पुढचं चित्र मूल तुमच्यासाठी काढतं. रॉजर्सचाच विचार मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइननं 1947 मध्ये मुलांच्या प्ले थेरपीत (खेळातून उपचार) आणला. तिची आठ तत्त्वं पाठ नका करू. घाई करू नये, हे एकच महिनाभर पाळून बघा.

विनिकॉटचा स्क्विगल खेळ वर्गमित्रासोबत करून पाहा. एकानं डोळे मिटून रेघ ओढायची, दुसऱ्यानं तिचं काहीतरी करायचं, मग आलटून पालटून. आपण रेघेतूनसुद्धा समोरच्याला किती ढकलतो हे पाहून मी ओशाळले होते.

आधी काय वाचावं असं कोणी विचारलं तर मी मोठ्या नावांपासून सुरुवात करायला सांगणार नाही. कलाशिक्षणतज्ज्ञ लोवेनफेल्डचे मुलांच्या चित्रविकासाचे टप्पे आधी घ्या. साधारण चार ते सात वयात मूल रंग आवडीनं निवडतं, वस्तूच्या खऱ्या रंगाशी त्याचा फारसा संबंध नसतो; माणसं कागदावर तरंगतात; जमिनीची रेघ सातच्या आसपास येते. हे माहीत नसलं की पाच वर्षांच्या मुलाच्या तरंगत्या माणसात नवशिक्याला असुरक्षितता दिसायला लागते. त्यानंतर आर्ट थेरपीतल्या कागिन आणि लुसेब्रिंक यांची 1978 ची मांडणी, एक्सप्रेसिव्ह थेरपीज कंटिन्युअम. पाण्याचे रंग भावनेला वाहतं करतात, पेन्सिल आणि कोलाज विचाराला आधार देतात, हा त्यातला कामाचा भाग. टेबलावर काय ठेवायचं हाही उपचारच असतो. मी त्या मुलापुढे पातळ कागद आणि भरपूर पाणी ठेवलं होतं, हे मला इथे उमगलं.

वहीत दोन रकाने करा. डावीकडे फक्त दिसलं ते, उजवीकडे मला वाटलं ते. सुरुवातीला माझा उजवा रकाना ओसंडून वाहायचा आणि डावीकडे जेमतेम दोन ओळी. स्वतःची थेरपी जमेल तितक्या लवकर सुरू करा. काही अभ्यासक्रमांत ती सक्तीची असते, नसली तरी करा. आणि पालकांनी "चित्रात काय दिसलं?" विचारलं तर उत्तर आधीच ठरवून ठेवा, कारण तो प्रश्न दारात, चपला घालताना येतो.

पुढच्या सेशनला मी जाड पुठ्ठा आणला. आर्ट थेरपीतली एडिथ क्रेमर थेरपिस्टच्या 'तिसऱ्या हाता'बद्दल सांगते: आपली शैली किंवा अर्थ न लादता मुलाच्या कामाला मदत करणारा हात. पुठ्ठा फुगत नाही, फाटत नाही. मी काही बोलले नाही. त्यानं पुन्हा तेलखडूचं घर काढलं, पुन्हा काळं केलं, थोडा वेळ बघत बसला. मग ब्रश उलटा धरून ओरखडे काढले.

"खाली आहे अजून," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

डाव्या रकान्यात लिहिलं: ब्रशचं मागचं टोक, तीन ओरखडे, खालून पिवळा. उजवा त्या दिवशी कोराच ठेवला.