'इनसाइड' हा व्हिडिओ गेम खेळायला बसताय?
आधी हेडफोन लावा. आमच्या घोडबंदर रोडवर रात्रभर ट्रक चालतात. त्यात आवाज बुडाला की धक्क्याच्या लाटा येतात त्या भागातली लयच पकडता येत नाही. लाट सरली की लगेच पुढच्या आडोशाला पळायचं.

डेन्मार्कच्या 'प्लेडेड' स्टुडिओच्या या २०१६च्या गेममध्ये संवाद नाहीत, सूचना नाहीत. पळा, उडी मारा, पकडा, बस. मला हेच फार आवडतं. पाणबुडीतून जाताना पाण्यातल्या एका लांब केसांच्या मुलीला चुकवताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. दिव्याचा झोत तिच्याकडे वळवा, ती थांबते.

आपण ज्या पोराला खेळवतो, त्याचं मरण फार जवळून दाखवलंय, घरात लहान मुलं जागी असताना लावू नका. शेवट अर्धवट वाटतो, ते खटकलंच. गेममध्ये ठिकठिकाणी लपवलेले गोळे सगळे बंद केलेत तर दुसरा शेवट उघडतो.