काळ्या मातीत ऐरण बसवताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी बाभळीचा ओंडका अंगणातच दीड फूट गाडला आणि त्यावर ऐरण बसवली. पावसाळ्यात ओंडका कलला. उन्हाळ्यात त्याच्याभोवती बोटभर फट पडली आणि वखराची पास (लोखंडी पातं) ठोकताना तो हलत्या दातासारखा डुलायला लागला. मी खिळे बदलले, पाचरी मारल्या, तरी फरक पडेना. शेवटी गावातल्या लोहारकाकांना बोलावलं. त्यांनी ओंडक्याला पाय लावून पाहिला आणि म्हणाले, “बापू, ऐरण नाही हालून राह्यली, भुई हालून राह्यली.”

आपल्याकडे सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. वावरातल्या भेगांत हात जातो, तीच माती अंगणातही आहे. तिच्यात गाडलेलं लाकूड एका जागी राहत नाही, वरून उधई लागते ती वेगळीच. म्हणून ओंडका गाडू नका. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा करून काळी माती पूर्ण काढून टाका. सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर द्या, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसाने चांगला ठोका. वर जाड चपटा दगड लेव्हलमध्ये बसवा आणि ओंडका त्यावर उभा करा. जागा टिनाच्या छपरीत, पागोळ्यांपासून लांब हवी. माझी बैठक असं केल्यापासून हललेली नाही.

दुसरी चूक उंचीची. गावातला लोहार बसून काम करतो, त्याची ऐरण जमिनीलगत असते. ते पाहून ओंडका तेवढाच ठेवायचा आणि काम मात्र उभ्याने करायचं, हे कमरेला झेपत नाही. पायात रोजची चप्पल-बूट घालून सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ वळा. बोटांच्या गाठी जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा हवा. गाठी 28 इंचांवर आणि ऐरण 9 इंचांची असेल तर ओंडका 19 इंचांचा. ऐरणीची उंची वजा करायलाच बरेच जण विसरतात. घण मारणारा जोडीदार असेल तर माथा थोडा खाली ठेवा. उंची चुकली की तापलेल्या लोखंडावरच कळतं: हातोड्याच्या चंद्रकोरी खुणा तुमच्या बाजूने खोल उठत असतील तर ऐरण उंच आहे, पलीकडच्या बाजूने उठत असतील तर ठेंगणी.

ओंडका ओला घेऊ नका. आरामशीनवरून वाळलेला बाभळीचा किंवा चिंचेचा तुकडा आणा आणि तो उभ्या रेषांचा, म्हणजे झाडात होता तसाच उभा ठेवा. आडव्या लाकडावर ऐरण रुतते. आपल्या उन्हात वाळलेलं लाकूडही तडकतं, त्यासाठी वर आणि खाली लोखंडी पट्टा चढवा. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसाच: पट्टा तापवून बसवायचा, थंड होताना तो स्वतःच आवळतो.

ऐरणीवर घाव बसतो पण हातोडा उसळत नाही, आवाज बद्द येतो, अशी तक्रार असेल तर ऐरणीला दोष देण्याआधी तिची बूड तपासा. बुडाला चुलीची काजळी चोळा, ऐरण ओंडक्यावर ठेवा आणि उचला. लाकडावर जिथे काळं उमटलं तेवढाच भाग टेकतो आहे. तो पटाशीने तासा, परत ठेवा, परत पाहा. मला अकरा वेळा उचलावी लागली. जोडीला माणूस घ्या, एकट्याने पाठ मोडू नका.

वाकवलेले खिळे चार दिवसांत ढिले होतात. बुडाच्या पायांवर जाड पट्ट्या टाकून लांब स्क्रू-बोल्टने आवळा, नाहीतर ऐरणीच्या कमरेभोवती साखळी घेऊन टर्नबकलने (फिरवून ताणायच्या आट्याच्या कडीने) ताणा. साखळीने टणटणाटही कमी होतो. कानांत बोळे मात्र घालाच. ऐरण स्टँडला वेल्डिंग करू नका: पोलादी माथ्याचं पाणी (कडकपणा) उतरू शकतं, बिडाची असेल तर तडा जातो.

लोखंडी स्टँड करायचा तर तीन पायांचा करा, खडबडीत जमिनीवरही तो डगमगत नाही. पाइपचे पाय पोकळ ठेवू नका, कोरडी वाळू भरा.

ऐरणीऐवजी रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरायचा असेल तर एक सांगायलाच हवं. लाइनीजवळ पडलेला तुकडा उचलणं हा 1966 च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा आहे. पावती असलेलाच भंगार माल घ्या. 60 किलो प्रतिमीटरच्या रुळाचा एक फूट तुकडा साधारण 18 किलो भरतो. तो आडवा ठेवला तर घावाखाली पातळ कमर येते आणि तो थरथरतो. उभा करून ओंडक्यात तीन-चार इंच खोबणीत घट्ट बसवा आणि त्याच्या टोकावर ठोका, म्हणजे सगळं वजन घावाखाली येतं.

मिरगाच्या आधी पासा आणि विळ्यांची गर्दी सुरू होते, त्याआधी एकदा बोल्ट आवळून घ्या. उन्हाळ्यात लाकूड आकसलेलं असतं, पाना अर्धा फेरा तरी फिरतोच.