मंडळीची थैली हाती घेताना

आपल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, वार्षिक सभा संपून खजिनदारपद तुझ्याकडे आल्यावर कपाटाच्या किल्ल्यांकडे बघत तू म्हणालास, "काकू, नेमकं काय काय करायचं ते मला लिहून द्या." म्हणून लिहिते आहे. इंदूरच्या इतर मंडळ्यांत, प्रार्थनागटांत कुणी नव्याने खजिनदार झालं असेल तर त्यांनीही हे आपल्यासाठीच समजावं.

मी बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटरवर होते आणि मंडळीची थैली, म्हणजे दानाचे पैसे, १२ वर्षं सांभाळली. पण पहिल्यांदा आठवते ती माझी चूक. खजिनदार झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, नाताळच्या आदल्या रविवारी, उपासना लांबली. सगळ्यांना घरी जायची घाई होती. मी थैली घरी आणली आणि स्वयंपाकघरात बसून एकटीने मोजली. ७,३४० रुपये निघाले, तसे वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी एका भगिनीने सहज विचारलं, "माझं उपकारस्तुतीचं पाकीट मिळालं ना? हिरवं, दोन हजारांचं?" हिरवं पाकीट मी पाहिलंच नव्हतं. पिशवी उलटी केली, रिक्षावाल्याला गाठलं, देवळातले बाक हलवून पाहिले. ते आजतागायत सापडलेलं नाही. ती बाई मला एका शब्दाने बोलली नाही. पण "मी घेतलं नाही" याला साक्ष द्यायला माझ्याजवळ दुसरं माणूसच नव्हतं. कित्येक महिने प्रभुभोजनाला पुढे जाताना तिची नजर चुकवत होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. खजिनदार प्रामाणिक असणं ही सुरुवात झाली. आपला प्रामाणिकपणा दुसऱ्याला केव्हाही तपासता येईल अशी व्यवस्था करणं, हा खरा कारभार. प्रेषित पौलाने यरुशलेमेच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, आणि कारणही स्पष्ट लिहिलं: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या नजरेतही जे योग्य ते करावं (बायबल, २ करिंथ ८:२०-२१). पौलाला आपला हिशेब दुसऱ्यांसमोर ठेवायला कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

आता मोजणीचं. उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाला की चहाच्या आधी मोजायचं, देवळातच, टेबलावर, दार उघडं ठेवून. मोजणारे दोघे हवेत आणि ते एका घरातले नकोत. नवरा-बायको नकोत, सासू-सून नकोत. दर महिन्याला जोडी बदल. टेबलावर पांढरी चादर अंथर, म्हणजे नाणं घरंगळलं तरी दिसतं. आधी पाकिटं उघडायची, आतली रक्कम लगेच पाकिटाच्या पाठीवर बॉलपेनने लिहायची आणि पाकीट फाडून टाकायचं नाही, वर्षभर जपायचं. मग सुट्या नोटा एका तोंडाने लावायच्या, पाचशे, दोनशे, शंभर अशा वेगवेगळ्या. नाणी शेवटी. एकाने मोजलेली चळत दुसऱ्याने पुन्हा मोजायची. फरक आला तर चळत मोडून पुन्हा सुरू करायचं, "पन्नासच तर आहेत" म्हणायचं नाही. स्लिपवर कोणत्या किती नोटा ते लिहायचं, बेरीज आकड्यांत आणि अक्षरांत, खाली दोन्ही सह्या. पेन्सिल वापरायची नाही. खाडाखोड झाली तर तिच्या शेजारी दोघांची सही. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात.

बायबलमधल्या योआश राजाच्या काळातही प्रश्न व्यवस्थेचाच होता. मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसे येत होते, पण त्याच्या कारकिर्दीच्या २३व्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नव्हती. याजक चोर होते असं शास्त्र म्हणत नाही. व्यवस्था चुकीची होती. मग यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली, आणि पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून ते मोजायचे (२ राजे १२). आपल्या सभेत एकदा एका बंधूने त्याच अध्यायाचं पुढचं वचन वाचून दाखवलं होतं, की देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब घेतला नाही, कारण ते विश्वासूपणे वागत. मग आपणच एवढी कागदपत्रं का ठेवायची? मी म्हटलं, तो विश्वास दुसऱ्यांनी त्यांच्यावर टाकला होता. कारभाऱ्याने स्वतःसाठी तो मागायचा नसतो. शिवाय पेटीतले पैसे आधी दोघांनी मोजले होतेच.

सोमवारी सगळी रक्कम बँकेत भर. सगळी म्हणजे सगळी. थैलीतून बल्ब आणला, माळ्याला दिले आणि उरलेले भरले, असं एकदाही करू नकोस. आलेलं पूर्ण जमा, खर्च चेकने, चेकवर दोन सह्या. किरकोळ खर्चासाठी ३,००० रुपयांची वेगळी पेटी ठेव आणि ती संपली की पावत्या दाखवून तेवढीच पुन्हा भर. पावती न मिळणारा खर्च असतोच. नाक्यावरचा मजूर, टेंपोवाला. तिथे साध्या कागदावर रक्कम, काम, तारीख, त्याची सही किंवा अंगठा, आणि जवळ उभ्या असलेल्या एकाची सही. खजुरी बाजारातून पुठ्ठ्याची, छापील पानांक असलेली वही आण. त्यातच रोजकीर्द लिही. कॉम्प्युटरवर ठेवलंस तरी वही सोडू नकोस, कारण तिचं पान फाडलं तर कळतं.

दान ज्या कामासाठी आलं त्याच कामाला लावायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. छतासाठी गोळा झालेले पैसे पडून असतात, पाळकांचं मानधन थकलेलं असतं, आणि कुणीतरी म्हणतं, "आत्ता वापरू, नंतर भरू." योआशाच्या हकिगतीत दुरुस्तीच्या पैशातून चांदीची भांडी केली नाहीत. काम पुरं झालं, उरलेला पैसा राजा आणि याजकांपुढे आणला, आणि मग त्याची भांडी झाली (२ इतिहास २४). एक निधी दुसऱ्यासाठी वापरण्याची अगदीच वेळ आली, तर आधी पंच कमिटीचा लेखी ठराव, मग दात्यांना निरोप, मग चेक. फोनवर "चालेल" म्हटलं ते चालत नाही, फोन पाळकसाहेबांचा असला तरी.

कापणीच्या सणाला लिलावात लोक उत्साहाने बोली लावतात. एकदा एक भोपळा ११०० रुपयांना गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले पैसे मात्र कित्येकदा फेब्रुवारीपर्यंत येत नाहीत. म्हणून बोली संपली की तिथल्या तिथे नाव, वस्तू, रक्कम लिहून घे. सभेत येणे रक्कम एकत्र सांग, नावं वाचू नकोस. ज्याचं राहिलं आहे त्याला एकट्याला गाठून विचार. एखाद्याने उत्साहात जास्त बोली लावली असेल आणि घरात खरंच नसेल, तर कमिटीला सांगून माफ करून घे.

कायद्याचं थोडक्यात. आपण ज्याला ८० जी म्हणतो ती आयकर सवलत २,००० रुपयांहून जास्त रोख दानावर मिळत नाही, म्हणून मोठं दान चेकने किंवा ऑनलाइन घे. आणि कुणाचा भाचा टोरंटोहून पैसे पाठवतो म्हणाला, तर पहिला प्रश्न त्याच्या पासपोर्टचा. भारतीय पासपोर्टवर असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेलं दान परदेशी अंशदान धरलं जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरलं जातं, आणि मग एफसीआरए, म्हणजे परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. ते नसेल तर हात जोडून नाही म्हण. कितीही गरज असली तरी.

आता ज्याची वही नसते, त्याबद्दल. कोण किती देतं हे तुला कळणार आहे. येशू दानपेटीसमोर बसून लोक पैसे टाकताना पाहत होता, असं मार्काने लिहिलं आहे (१२:४१), आणि त्याने शिष्यांना बोलावून विधवेच्या दोन नाण्यांचा मान सांगितला. तुला मात्र ते सांगायचा अधिकार नाही. घरी नाही, कमिटीत नाही, पाळकांनाही नाही. ज्यांची गाडी मोठी त्यांचं पाकीट कधी कधी फार हलकं असतं, आणि जेल रोडवर शिवणकाम करणारी बाई दर महिन्याला दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देते. हे मनात ठेवून सगळ्यांशी सारखं वागणं मला हिशेबापेक्षा जड गेलं. मदत घेणाऱ्यांचंही तसंच. औषधासाठी, फीसाठी दिलेल्या पैशाचं व्हाउचर बंद पाकिटात ठेव. ते फक्त मंडळीचे दोन वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, आणि हिशेबतपासनीस उघडतील. जाहीर पत्रकात एकच ओळ: साहाय्य, इतके रुपये.

दर तीन महिन्यांनी हिशेब फलकावर लाव आणि उपासनेनंतर वाचून दाखव. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका मराठीत ऐकतात, सुना-नातवंडं हिंदीत, म्हणून दोन्हींत वाच. प्रश्न येतील, काही टोचतील. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या ६व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली, की आमच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. तेव्हा ते वाटप बघायला निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. मीही एकदा तसं केलं. जो बंधू दर सभेत माझ्या आकड्यांवर उठायचा, त्यालाच मोजणीच्या टेबलावर बसवलं. तिसऱ्या रविवारी त्याने माझी चाळीस रुपयांची चूक पकडली. तो आजही मोजायला येतो, आणि तुझ्या पहिल्या महिन्याच्या जोडीत मी त्याचंच नाव सुचवलं आहे.

शनिवारी सहा वाजता किल्ल्या आणि वह्या घ्यायला ये. पासबुक भरून ठेवते, पेटीत २,१६५ रुपये आहेत, ते तुझ्यासमोर मोजू. येताना मंडळीच्या वडिलांपैकी एकाला बरोबर आण. तू एकटा आलास तर मी चहा देईन, किल्ल्या देणार नाही.