हिस्टेरोस्कोपी समजून घेताना: गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी आणि उपचार

डॉक्टरांनी 'दुर्बिणीतून तपासणी करू' असे म्हटले की पोटावर छिद्रे पाडून केली जाणारी शस्त्रक्रियाच अनेक स्त्रियांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. ती लॅपरोस्कोपी, तिच्यात गर्भाशय, बीजकोश आणि गर्भनलिका बाहेरच्या बाजूने दिसतात. हिस्टेरोस्कोपीत त्वचेवर कोठेही छेद घेतला जात नाही, त्यामुळे टाकेही नसतात. साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनीमार्गातून आणि गर्भाशयमुखातून थेट गर्भाशयाच्या पोकळीत नेली जाते आणि आतले अस्तर पडद्यावर पाहिले जाते. काही वेळा दोन्ही तपासण्या एकाच बैठकीत केल्या जातात, म्हणून आपल्यासाठी नेमकी कोणती ठरली आहे, हे आधी विचारून घ्यावे.

पाळीत अंगावरून फार जाणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव होणे, रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसणे, वारंवार गर्भपात होणे, गर्भधारणा न होणे किंवा तांबीचा दोरा न सापडणे, अशा कारणांसाठी ही तपासणी सुचवली जाते. यांपैकी रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव एकदाच आणि थोडासाच झाला असला तरी तो अंगावर काढू नये. बहुतेक वेळा कारण साधे निघते, परंतु अस्तराच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते आणि त्या टप्प्यावर निदान झाले तर उपचार पुष्कळ सोपे असतात.

सोनोग्राफी आधीच झाली असताना हे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सोनोग्राफीत अस्तराची जाडी आणि भिंतीतल्या गाठी दिसतात. पण जाड दिसणारे अस्तर सर्वत्र जाड आहे की एका जागी लोंबणाऱ्या पॉलिपमुळे, म्हणजे अस्तरातून वाढलेल्या कोंबामुळे, तसे भासते, हे तिच्यावरून नेहमीच सांगता येत नाही. नुसत्या क्युरेटिंगमध्ये अस्तर न पाहता, हाताच्या अंदाजाने खरवडले जाते, त्यामुळे कोपऱ्यातला पॉलिप जागच्या जागी राहून जाऊ शकतो. दुर्बिणीमुळे डॉक्टरांना नेमकी जागा दिसते आणि तिथलाच तुकडा तपासणीसाठी घेता येतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे. १८६९ साली पँटालिओनी या वैद्याने साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या गर्भाशयात नळीतून पाहून पॉलिप शोधला आणि तो लगेच सिल्व्हर नायट्रेटने जाळला; म्हणजे पाहणे आणि उपचार करणे ही दोन्ही कामे या पद्धतीत अगदी आरंभापासून एकत्र आहेत.

म्हणूनच संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: 'तुम्ही फक्त पाहणार आहात, की काही आढळले तर त्याच वेळी काढणारही आहात?' नुसती पाहणी काही मिनिटांत आटोपते आणि बहुतेकींना भुलीविना किंवा तेवढ्या जागेपुरत्या दिलेल्या भुलीत सोसवते. मोठी गाठ काढायची असेल तर दुर्बीण जाड लागते, वेळ वाढतो आणि पूर्ण किंवा कमरेखालची भूल द्यावी लागू शकते. उत्तर आधी कळले तर उपाशी राहायचे का, सोबत कोणी हवे का, रजा किती घ्यायची, हे सारे त्यावरून ठरवता येते.

पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये रक्तस्राव थांबल्यानंतरचे पहिले काही दिवस यासाठी सर्वांत चांगले, कारण तेव्हा अस्तर पातळ असते, दृश्य स्वच्छ मिळते आणि गर्भ राहिलेला असण्याची शक्यताही फार कमी असते. रजोनिवृत्ती झाली असेल किंवा पाळीच येऊ नये अशी औषधे चालू असतील, तर कोणताही दिवस चालतो. गर्भ राहिल्याची शंका असेल, दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल, ताप असेल किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग झालेला असेल, तर ते आधी सांगावे, कारण अशा वेळी तपासणी पुढे ढकलावी लागते. रक्त पातळ करणारी औषधे, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार आणि औषधांची ॲलर्जी यांचीही माहिती न विचारता द्यावी. भूल दिली जाणार नसेल तर साधारण तासभर आधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घ्यायला सांगतात; ती आपल्याला चालते का, हे डॉक्टरांनाच विचारावे. पूर्ण भूल असेल तर सर्वसाधारणपणे सहा तास आधीपासून काही खायचे नसते. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते.

टेबलावर काय घडते, हे ठाऊक असले की भीती बरीच कमी होते. गर्भाशयाच्या पुढच्या-मागच्या भिंती एरवी एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यामुळे आत पाहण्यासाठी पोकळी फुगवावी लागते आणि त्यासाठी बहुधा सलाइन सोडले जाते. हे पाणी बाहेर झिरपत राहते. ते अंगावरून जाणारे रक्त नव्हे. पोकळी ताणली गेली की पाळीसारखी कळ येते आणि दुर्बीण गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडातून जाताना ती सर्वाधिक जाणवते. काही डॉक्टर योनी फाकवणारे उपकरण न लावता पाण्याच्या धारेच्या आधाराने दुर्बीण आत नेतात. त्याने त्रास कमी होतो. कळ असह्य झाली, घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच बोलावे. मधेच थांबवण्यास सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि उरलेले काम नंतर कधीतरी भूल देऊन करता येते.

पॉलिप कात्रीने किंवा चिमट्याने मुळापासून काढला जातो. फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या गाठीच्या, बाबतीत मात्र थोडे थांबून समजून घ्यायला हवे, कारण दुर्बिणीतून सगळ्याच गाठी काढता येत नाहीत. जी गाठ अस्तराखाली वाढून पोकळीत डोकावते, तीच या मार्गाने हाताशी येते. ती पूर्णपणे पोकळीत असेल तर काम सोपे; अर्ध्याहून कमी भाग भिंतीत असेल तरी ते बहुधा एका बैठकीत जमते; अर्धा किंवा त्याहून अधिक भाग भिंतीत रुतलेला असेल तर दोन बैठका लागू शकतात. भिंतीच्या मधल्या किंवा बाहेरच्या थरातली गाठ इथे दिसतही नाही, म्हणून आधीची सोनोग्राफी नीट झालेली असावी लागते. जन्मतः असलेला मधला पडदा कापणे, क्युरेटिंगनंतर एकमेकींना चिकटलेल्या भिंती सोडवणे, आत अडकलेली तांबी किंवा गर्भपातानंतर राहिलेला अंश काढणे, हीही कामे याच मार्गाने होतात. चिकटलेल्या भिंती पुन्हा चिकटू शकतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा पाहणी करावी लागते.

धोके कमी आहेत, पण आहेत. दुर्बिणीने भिंतीला छिद्र पडणे, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे त्यातले प्रमुख. मोठ्या शस्त्रक्रियेत आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवावे लागते: आत सोडलेल्या पाण्यातले काही रक्तात शोषले जाते. त्याचा सतत हिशोब ठेवतात आणि निरोगी स्त्रीमध्ये सलाइनची तूट (आत सोडलेले आणि बाहेर परत आलेले यांतला फरक) सुमारे २५०० मिलिलिटरवर, तर ग्लायसीनसारख्या क्षारविरहित द्रवाची सुमारे १००० मिलिलिटरवर गेली की काम थांबवतात, कारण त्यापुढे फुप्फुसांत पाणी साचण्याचा किंवा रक्तातले सोडियम घसरण्याचा धोका असतो. उतारवयात आणि हृदय-मूत्रपिंडाच्या विकारांत ही मर्यादा आणखी खाली असते. गाठ अर्धवट ठेवून डॉक्टर बाहेर आले तर तो त्यांचा कमीपणा समजू नये. पुष्कळदा तोच योग्य निर्णय असतो.

नुसत्या पाहणीनंतर बहुतेकजणी त्याच दिवशी घरी जातात. एक-दोन दिवस ओटीपोटात दुखणे आणि काही दिवस थोडे रक्त किंवा पाणी जाणे अपेक्षित आहे. ते थांबेपर्यंत पॅड वापरावेत आणि शरीरसंबंध टाळावा. तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, वाढत जाणारे दुखणे, पोट फुगणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवला आहे ना, हे निघतानाच विचारावे आणि त्याचा अहवाल आणायला ठरल्या दिवशी जावे. त्रास थांबला म्हणून अहवाल तसाच पडून राहू देऊ नये, कारण डोळ्यांना निरुपद्रवी दिसलेल्या पॉलिपमध्येही क्वचित बदललेल्या पेशी सापडतात आणि पुढचे उपचार त्या कागदावरूनच ठरतात.