कॉलेजचं नेट मोजताय? मग या चुका टाळा

"नेट स्लो आहे" अशी तक्रार आली की युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर सेंटरमधला माणूस आधी काय करतो, तर स्पीडटेस्ट उघडतो, ९० एमबीपीएस दिसले की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो आणि विषय संपला. कंपाला, काठमांडू, लाहोर, नांदेड, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हेच. अहो, पण ती टेस्ट बहुतेक वेळा तुमच्याच प्रोव्हायडरच्या नाहीतर जवळच्या शहरातल्या सर्व्हरपर्यंत जाते, आणि पोरांना जे जर्नल उघडायचंय ते असतं युरोपात. शिवाय जिथे अख्ख्या कॅम्पसला मिळून २०-३० एमबीपीएस आहे तिथे दर तासाला स्पीडटेस्ट लावली तर ती टेस्टच लिंक खाऊन टाकते.

अशा ठिकाणी साधा पिंगच बरा, म्हणजे समोरच्या मशीनला डेटाचा छोटासा तुकडा (पॅकेट) पाठवायचा आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघायचं. अमेरिकेतल्या स्लॅक या फिजिक्सच्या लॅबने १९९५ मध्ये पिंगर नावाचा प्रोजेक्ट सुरू केला, आधी स्वतःच्या प्रयोगांसाठी, मग आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या युनिव्हर्सिट्यांचं नेट कसं चाललंय ते बघायला, आणि पाकिस्तानातली नस्ट युनिव्हर्सिटी त्यात मोठी पार्टनर होती. पद्धत एकदम साधी: दर अर्ध्या तासाला १०० बाइटचे दहा-अकरा पिंग, मग १००० बाइटचे दहा, झालं. लिंकवर भार जवळजवळ शून्य. पण साधं आहे म्हणून चुकायला जागा नाही असं समजू नका.

पहिला घोळ टार्गेट निवडताना होतो. लोक सरळ युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटला पिंग लावतात. ती वेबसाइट कॅम्पसमध्ये असतेच कुठे? आजकाल क्लाउडवर नाहीतर सीडीएनच्या (साइटच्या कॉपी जागोजागी ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या) मागे, म्हणजे तुम्ही मोजताय भलतंच. हे पकडायला एक हिशोब पाठ ठेवा, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटर अंतराला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई-नागपूर सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास, तर ७ मिलिसेकंदाच्या आत उत्तर येऊच शकत नाही. मुंबईतून नागपूरच्या कॉलेजला पिंग केला आणि २ आले, तर ते मशीन नागपूरला नाही, पैज लावा. म्हणून कॅम्पसमधल्या माणसाला फोन करून तिथल्याच डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) नाहीतर मेल सर्व्हरचा पत्ता घ्या.

हाच हिशोब उलट्या बाजूनेही चालतो. २००९ मध्ये सीकॉमची समुद्राखालची केबल येईपर्यंत पूर्व आफ्रिकेतल्या युनिव्हर्सिट्या बाहेरच्या जगाशी मुख्यतः सॅटेलाइटने जोडलेल्या होत्या. तो सॅटेलाइट जवळजवळ ३६ हजार किलोमीटर वर, पॅकेटला वर-खाली दोनदा जावं लागतं, म्हणजे नुसत्या अंतराचेच ४८० मिलिसेकंद. त्यामुळे सगळ्यात कमी आलेला टाइमसुद्धा ५०० च्या वर असेल तर लिंक सॅटेलाइटची आहे असं धरून चाला, आणि एखाद्या दिवशी तो २०० वरून अचानक ६०० ला गेला तर फायबर तुटून बॅकअपवर पडलाय का ते आधी विचारा.

आता लॉस, म्हणजे वाटेत हरवलेली पॅकेटं. इथे लोक "एक टक्काच तर आहे" म्हणून सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. टीसीपीचा (डाउनलोड ज्या प्रोटोकॉलवर चालतं त्याचा) स्पीड ढोबळमानाने पॅकेटचा साइज भागिले राउंड ट्रिप टाइम (जाऊन-येऊन लागलेला वेळ), भागिले लॉसचं वर्गमूळ. आकडे घालून बघा: १४६० बाइटचं पॅकेट, २०० मिलिसेकंद, १ टक्का लॉस, उत्तर येतं ०.६ एमबीपीएसच्या आसपास. एका डाउनलोडला एवढंच, मग तुमची लिंक १ जीबीपीएसची का असेना! तोच लॉस ०.०१ टक्क्यावर आणला की ६ एमबीपीएस होतात. नवीन सिस्टिममधले टीसीपी यापेक्षा थोडे बरे वागतात पण चित्र तेच राहतं, आणि म्हणूनच लांबच्या देशातल्या कॉलेजला तोच एक टक्का जास्त झोंबतो, जवळच्याला २० मिलिसेकंदात तो निभावून नेता येतो. जास्त बँडविड्थ विकत घेण्याआधी तो लॉस कुठे होतोय ते शोधा, पुष्कळदा एखादी जुनी केबल, डुप्लेक्स मिसमॅच (केबलच्या दोन टोकांची सेटिंग न जुळणं) नाहीतर छतावरची हललेली वायरलेस लिंक निघते. आणि हो, दहा पिंगमधला एक गेला म्हणजे "१० टक्के लॉस" असं लिहू नका, निदान दिवसभराचे ४८० पिंग एकत्र करून मग बोला.

उत्तरच आलं नाही तर १०० टक्के लॉस धरायचा, हा अजून एक प्रकार. अरे, समोरच्याने फायरवॉलवर आयसीएमपी (पिंग ज्यावर चालतो तो प्रोटोकॉल) बंद केला असेल, नाहीतर तिथली लाइट गेली असेल. लोडशेडिंग असलेल्या देशात तर हे रोजचं. म्हणून एकच टार्गेट ठेवू नका, स्वतःचा गेटवे (कॅम्पसमधून बाहेर पडायचा राउटर), प्रोव्हायडरचा पहिला राउटर, देशातलं एखादं दुसरं कॉलेज आणि बाहेरदेशातलं एक, अशी चार ठेवा, कोणापासून पुढे गप्प झालं ते लगेच कळतं. मोजणारं मशीन मात्र वायरवर पाहिजे आणि यूपीएसवर पाहिजे, हॉस्टेलच्या वायफायवरून घेतलेले आकडे हॉस्टेलच्या वायफायचेच असतात.

ट्रेसराउटमध्ये (पॅकेट कुठल्या राउटरांमधून जातं ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) मधल्या हॉपला, म्हणजे वाटेतल्या राउटरला, उत्तराऐवजी तारे दिसले की भांडायला उठू नका, राउटर अशा प्रश्नांना उत्तर द्यायला टाळाटाळ करतातच, शेवटचा हॉप ठीक असेल तर सगळं ठीक. बघायचं ते वेगळंच असतं. नैरोबी ते कंपाला जेमतेम ५०० किलोमीटर, आणि पिंग २०० मिलिसेकंद येतोय? म्हणजे शेजारच्या गावाला पाठवलेलं पॅकेट युरोप फिरून येतंय. यावर उपाय लोकल इंटरनेट एक्स्चेंज (तिथले प्रोव्हायडर आपसात ट्रॅफिक देतात ती जागा) आणि केन्याचं केनेट, युगांडाचं रेनू, आफ्रिकेतल्या देशांना जोडणारं उबुंटूनेट, आपल्याकडे एनकेएन, अशी शिक्षणसंस्थांची नेटवर्कं, पण जोडलेलं असूनही राउटिंग जुन्याच वाटेने चाललेलं असू शकतं, ते तपासा.

ग्राफवर आंधळा विश्वास नको. एमआरटीजी या लिंकचा वापर दाखवणाऱ्या टूलचा रोजचा ग्राफ ५ मिनिटांच्या सरासरीचा, वर्षाचा मात्र अख्ख्या दिवसाच्या सरासरीचा. दुपारी गच्च भरलेली लिंक रात्रीच्या शांततेत मिसळून ४० टक्के दिसते आणि साहेब म्हणतात अपग्रेड कशाला. तेव्हा मूळ आकडे टेक्स्ट फाइलमध्ये वेगळे ठेवा, किती जागा लागते त्याला! सरासरीऐवजी मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि मिनिमम काढा, सकाळ-दुपार वेगळी करा, आणि मशीनचं घड्याळ यूटीसीवर (ग्रीनिचच्या वेळेवर) आहे की आपल्या वेळेवर ते एकदा बघून घ्या, नाहीतर साडेपाच तासांची गफलत होते आणि पहाटे पाचला कॉलेजात गर्दी दिसते.

कधीकधी तर दोष तुमचा नसतोच. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा इजिप्तपासून भारतापर्यंत नेट रांगत होतं, आणि १४ मार्च २०२४ ला आयव्हरी कोस्टजवळ चार केबलना एकदम फटका बसून पश्चिम आफ्रिका लटकली. अशा दिवशी फायरवॉल दहा वेळा रिस्टार्ट करून काही हाती लागत नाही. देशातली टार्गेटं नेहमीसारखी आणि बाहेरची सगळी एकाच वेळी वाढलेली दिसली तर शेजारच्या युनिव्हर्सिटीला विचारून खात्री करा, नोटीस लावा आणि दुरुस्तीचं जहाज पोचेपर्यंत विंडोज अपडेटं रात्रीवर ढकला.