अभ्यासिकेत व्हायब्रेटही नको

व्हायब्रेटवर ठेवला म्हणजे फोन गप्प झाला, असं नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची मुलं खेटून बसलेली असतात. टेबलावर फोन थरथरला की लाकडी फळी तो आवाज आणखी मोठा करते आणि शेजारच्या चौघांची तंद्री मोडते. म्हणून फोन पूर्ण सायलेंट करून सॅकमध्ये ठेवा. अलार्म आधी बंद करा, तो सहसा सायलेंटवरही वाजतो! घरची काळजी असेल तर फोन खिशात ठेवा, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि फक्त आईबाबांच्या नंबरला परवानगी द्या.

शेजाऱ्याचा फोन वाजत राहिला तर सगळ्यांदेखत बोलू नका, बिचारा ओशाळतो. ‘फोन बॅगेत ठेवता का?’ अशी चिठ्ठी सरकवा. नाहीच ऐकलं, तर ग्रंथपालांना सांगा.