हॉट रॉडसाठी चॅसी निवडताना

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून बनवलेली वेगवान गाडी, आणि चॅसी म्हणजे तिचा खालचा सांगाडा. आधी इंजिन ठरवा, मग चॅसी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि मग पैसे दोनदा जातात.

फोर्ड मॉडेल ए (१९२८–३१) ची मूळ चॅसी ४० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनासाठी होती. तिच्या रेल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लांब पोलादी दांड्या, एका बाजूने उघड्या असतात. त्यात ताकदवान व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवलं की जोर देताच सगळा सांगाडा पिळवटतो. मूळ चॅसीच ठेवायची असेल, तर उघडी बाजू पत्र्याने बंद करून घ्या आणि मधले आडवे दांडेही मजबूत करा. वेल्डिंग मात्र चॅसी घट्ट जखडून, थोडं थोडं, बाजू बदलत करावं. सलग टाका मारला तर उष्णतेने रेल वाकते.

मॉडेल ए ची बॉडी १९३२ च्या फोर्ड चॅसीवर बसवणं मला अधिक पटतं. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०३.५ ऐवजी १०६ इंच मिळतो, इंजिनाला जागा होते, आणि मडगार्ड काढल्यावर रेलवरची ती वळणदार उठावाची रेषा उघडी दिसते. फार देखणी असते ती!

जुनी चॅसी विकत घेण्याआधी सपाट जमिनीवर ठेवून दोन्ही कर्ण मोजा. फरक दिसला तर ती वाकलेली आहे. रिव्हेटांभोवती बारीक तडे शोधा. गंज खोल वाटला, तर सँडब्लास्टिंग (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने गंज काढणं) करून खरा पत्रा पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. इतकी खटपट नको असेल, तर नवी बनवलेली चॅसी घ्यावी. पण मूळ क्रमांक जुन्या रेलवर ठोकलेला असतो, म्हणून नोंदणीचं आधी विचारून घ्या.